महिपत रायटरची सहाशे बारा पानं

महिपत उतेकर अठ्ठावीस वर्षं पोलिसात रायटर होते. रायटर म्हणजे ठाण्यातला लिहिणारा हवालदार. आरोपी गुन्हा करतो, साहेब तपास करतात, साक्षीदार घाबरतो आणि या सगळ्यांचं मिळून जे काही होतं ते कागदावर उतरवतो तो रायटर. म्हसळा, रोहा, माणगाव, पेण अशा बदल्या घेत त्यांनी इतके जबाब आणि पंचनामे लिहिले, की उजव्या हाताच्या मधल्या बोटाला सुपारीएवढा घट्टा पडला. निवृत्त होऊन ते पोलादपूरच्या वर, घाटाच्या अंगाला असलेल्या आपल्या तांबडवाडीत परतले, तेव्हा त्यांना महिपत म्हणणारं वाडीत कुणी उरलंच नव्हतं. लहानथोर सगळे रायटरच म्हणायचे.

घरी आल्यावर पहिले सहा महिने त्यांनी बायकोच्या प्रत्येक कामात सूचना केल्या. सातव्या महिन्यात जानकीबाईंनी पडवीत टेबल टाकून दिलं आणि म्हणाल्या, "अवो, तुमी आता हितं बसून कायतरी लिवा. पन कोंबड्यांना शिस्त लावू नका."

महिपतरावांच्या मनात हेच होतं. महाडहून त्यांनी सहा जाड रजिस्टरं आणली आणि कादंबरी लिहायला घेतली. अडीच वर्षं लिहीत होते. संपली तेव्हा सहाशे बारा पानं झाली होती. गोष्ट होती सगुणा नावाच्या बाईची. तिचा नवरा मुंबईला कँटीनमध्ये कामाला जातो आणि अकरा वर्षं परत येत नाही. ती एकटीच शेत कसते, बांध घालते, सासूला सांभाळते. शेवटी नवरा येतो.

शेवटचा पूर्णविराम दिल्यावर महिपतरावांनी सहाही रजिस्टरं एकावर एक रचली. जानकीबाईंनी त्या ढिगाकडे पाहिलं. "कोनावर केस घातलीत एवढी मोठी?"

"कादंबरी आहे गो. छापणार आता."

छापायचं कसं हे मात्र त्यांना ठाऊक नव्हतं. म्हणून त्यांनी रजिस्टरं तांदळाच्या गोणीत भरली, एसटीनं महाड गाठलं आणि वाचनालयाच्या ग्रंथपाल आम्रपाली गमरे यांच्यासमोर गोणी ठेवली. आम्रपालीबाई पस्तिशीच्या, बोलायला सरळ. दोन प्रकाशक त्यांना हस्तलिखितं वाचायला पाठवत असत, एवढी त्यांची नजर पक्की. त्यांनी गोणीत हात घालून पहिलं रजिस्टर काढलं आणि पहिलं वाक्य वाचलं.

"दिनांक तेरा जून रोजी सकाळी सहा वाजून वीस मिनिटांच्या सुमारास मौजे खडपवाडी येथे राहणारी सगुणा नामे विवाहिता, वय अंदाजे बावीस, बांधा सडपातळ, रंग सावळा, अंगात हिरवे लुगडे, ही आपल्या राहत्या घराच्या पडवीत उभी राहून मनाने व्याकूळ झालेली दिसून आली."

आम्रपालीबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग रजिस्टरावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं नाव वाचलं: 'मौजे खडपवाडी येथील विवाहिता सगुणा हिचा पती अकरा वर्षे बेपत्ता असल्याबाबत'.

"काका, हे नाव आहे?"

"विषय स्पष्ट व्हायला नको का?" महिपतराव म्हणाले.

तीन आठवड्यांनी त्यांना बोलावणं आलं. ते इस्त्रीचा सदरा घालून गेले. आम्रपालीबाईंनी चहा मागवला, आणि महिपतराव खुर्चीत सावरून बसले. ठाण्यात त्यांनी पाहिलं होतं, वाईट बातमी सांगायची असली की साहेब आधी चहा मागवायचे.

"काका, गोष्ट चांगली आहे. खोटं नाही सांगत, मी सुट्टी टाकून वाचली. पण ती गोष्ट कुठे लपलीय हे शोधायला पोलीस आणावे लागतील."

"म्हणजे?"

"म्हणजे हे ऐका." त्यांनी खूण घातलेलं पान उघडलं. "'सदर दोघांमध्ये पूर्वीपासून प्रेम असल्याचे दिसून आले.' काका, लग्नानंतरची पहिली दिवाळी आहे ही!"

ते वाक्य महिपतरावांना विशेष आवडलं होतं.

"तीन कामं करा," आम्रपालीबाई म्हणाल्या. "सगळे 'सदर' काढा. पानं निम्मी करा. आणि नाव बदला. हे सगळं झाल्याशिवाय हे बाड कुठल्याही प्रकाशकाला पाठवू नका, तो पहिल्या पानावरच थांबेल. आणि हो, प्रत्येक पान कुणालातरी मोठ्यानं वाचून दाखवा. ऐकणाऱ्याला जिथं जांभई येईल तिथं रेघ मारा."

गोणी परत एसटीत चढली. कंडक्टरनं विचारलं, "रायटर, तांदूळ विकला नाय?" महिपतरावांनी गोणी पायांशी ओढून घेतली.

'सदर' काढायला त्यांना आठ दिवस लागले. लाल पेन घेऊन ते एकेक सदर खोडायचे आणि दर वेळी त्यांना वाटायचं, वाक्य पट्ट्याविना उभ्या असलेल्या शिपायासारखं दिसतंय. पण आठव्या दिवशी त्यांनी एक पान पुन्हा वाचलं आणि त्यांना नवल वाटलं. सगुणा चक्क चालायला लागली होती.

मग वाचून दाखवायचा प्रश्न आला. मुलगी सोनाली बिरवाडीला दिलेली. जावई तिथंच कारखान्यात, तिला घरचं काम सरत नव्हतं. राहिल्या जानकीबाई. चौथी शिकलेल्या. दुपारी जेवणं झाल्यावर त्या पडवीत चिंचेतले चिंचोके काढत बसायच्या. महिपतरावांनी घसा खाकरला आणि नवं पहिलं वाक्य वाचलं. "तेरा जूनच्या सकाळी सगुणा पडवीत उभी होती आणि तिचं मन व्याकूळ झालं होतं."

"थांबा. तेरा जून म्हनलात?"

"हो."

"मंग हिचं भात कोन पेरतंय?"

महिपतरावांनी रजिस्टर चाळलं. "सासू पेरते."

"सासू तर आंदळी म्हनालेलात तुमी मला."

"मग... शेजारी पेरतात."

"शेजाऱ्यांना त्यांचं नाय?" जानकीबाईंनी चिंचोका टोपलीत टाकला. "व्याकूळ हूंदे ना बायला, पन खाली शेतात हूंदे. हात चालू ठेवून व्याकूळ व्हता येतं. आमी नाय झालो?"

जांभई काही आली नाही. जांभई परवडली असती. प्रत्येक पानावर एक प्रश्न यायचा आणि प्रत्येक प्रश्न रास्त असायचा. सगुणाची म्हैस तिसऱ्या प्रकरणात गाभण होती, ती पंधराव्या प्रकरणातही गाभणच होती. सासू एकशे चाळिसाव्या पानावर वारली आणि दोनशे बाराव्या पानावर तिनं पाव्हण्यांना चहा दिला.

"मेलेली सासू चाय करते?"

"नजरचुकीनं झालं."

"आनि आंदळी असून!"

अठ्ठावीस वर्षं महिपतरावांनी साक्षीदारांच्या जबाबातली विसंगती बोट ठेवून पकडली होती. मोठमोठे बेरड त्यांच्यासमोर घाम पुसायचे. आता आपल्याच पडवीत, चिंचोक्यांच्या टोपलीसमोर, ते स्वतः घाम पुसत होते. एकदा तर त्यांच्या तोंडून निघून गेलं, "मला याबाबत अधिक काही सांगायचे नाही." जानकीबाई पोट धरून हसल्या.

दुसऱ्या आठवड्यात शेजारची ठकूबाई विरजण मागायला आली आणि ऐकत बसली. मग रोजच यायला लागली. विरजणाचं भांडं ती नेमानं आणायची, न्यायला मात्र विसरायची. महिपतरावांनी सगुणाच्या तोंडी एक तीन पानी भाषण घातलं होतं, स्त्रीजन्मावर. ते त्यांनी आवाज चढवत, उतरवत वाचलं. ठकूबाईनं त्या वेळात दोनदा कोंबड्या हाकलल्या. पुढच्या पानावर म्हैस मरते असं दीड ओळीत आलं होतं, ते त्यांनी घाईघाईनं वाचलं आणि वर बघतात तर ठकूबाई पदरानं डोळे पुसत होती.

"काय झालं ठकूबाई?"

"मेली ना गो बाय ती," ठकूबाई जानकीबाईंना म्हणाली. "आता दूद कुठलं? नि शेन कुठलं?"

महिपतरावांनी लाल पेन उघडलं आणि तीन पानांच्या भाषणावर आडवी रेघ मारली. म्हशीला मात्र त्यांनी नंतर एक पूर्ण पान दिलं.

असं करत चार महिने गेले. सहा रजिस्टरांची तीन झाली. शेवटचं प्रकरण राहिलं होतं आणि त्याबद्दल महिपतराव निर्धास्त होते. नऊ पानं. संध्याकाळची वेळ, नवरा दारात येतो, सगुणा धावत जाऊन त्याच्या पायांवर डोकं ठेवते, अकरा वर्षांचे अश्रू, क्षमा, मागं सूर्य डोंगराआड. त्यांनी ते नीट, थांबत थांबत वाचलं. वाचून झाल्यावर ठकूबाईनं जानकीबाईंच्या तोंडाकडे पाहिलं.

"कसं वाटलं?"

"ही कोन बाय हाय?" जानकीबाईंनी विचारलं.

"कोण म्हणजे? सगुणा."

"ही ती नाय. तुमी कुठनं दुसरीच आनलीत."

महिपतरावांना आता मात्र राग आला. "मग तूच सांग, काय करील ती!"

जानकीबाईंनी हातातली चिंच खाली ठेवली. "अकरा वर्सांनी बाप्या दारात उभा ऱ्हायलाय. केस पिकलेत. प्वाट सुटलंय. तिनं नुस्तं ह्यवढंच इचारायचं, कोन पायजे?"

"ओळखलं नाही म्हणून?"

"पहिल्यांदा वळखलं नाय म्हनून."

"आणि मग?"

"मंग वळखील. वळखून परत इचारील. कोन पायजे?"

ठकूबाई एवढंच म्हणाली, "बराबर."

"तुमी पेनला व्हतात," जानकीबाई चिंच परत उचलत म्हणाल्या. "सोनी चार वर्सांची. निवडनुकीचा बंदोबस्त करून तीन महिन्यांनी घरी आलात. पोर दारात आली नि तुमालाच इचारलं तिनं, कोन पायजे. तुमी हसलात. बिस्किटाचा पुडा दिलात तिला."

"तू नव्हतीस हसली," महिपतराव म्हणाले.

"नाय."

त्या नऊ पानांची महिपतरावांनी दोन पानं केली. ती दोन पानं लिहायला त्यांना चार दिवस लागले, आणि त्या चार दिवसांत त्यांनी कोंबड्यांनासुद्धा काही सांगितलं नाही.

आता राहिलं नाव.

गुडघ्यांसाठी महिपतराव दर गुरुवारी महाडजवळच्या सव गावी गरम पाण्याच्या कुंडावर जायचे. तिथं त्यांच्यासारखेच आठदहा निवृत्त गुडघे जमायचे. गळ्यापर्यंत पाण्यात बसलेल्या माणसांना मत द्यायला भरपूर वेळ असतो, हे जाणून त्यांनी नावाचा प्रश्न तिथंच मांडला.

"टेकाडावरची वाघीन," एसटीतून निवृत्त झालेला चांगू ड्रायव्हर लगेच म्हणाला.

"कादंबरीत वाघ नाही."

"घाला की एक! जंगल हाय ना तुमच्याकडं?"

मुंबईत तीस वर्षं काढून आलेला महादू म्हणाला, "रायटर, ऐका माझं. 'वेटिंग' ठेवा. एकदम मॉडर्न. पब्लिक को समझमें आना चाहिए." तिसऱ्यानं सांगितलं की नावात कुंकू असलं की बायका घेतात. चौथा म्हणाला, बायका पुस्तकं घेत नाहीत. यावर कुंडात दोन तट पडले आणि वाद इतका पेटला की एकजण चक्कर येऊन बाहेर काढावा लागला. ती चक्कर गरम पाण्यानं आली की वादानं, हे काही कळलं नाही.

महिपतरावांनी स्वतःही सत्तेचाळीस नावांची यादी केली होती. त्यातलं त्यांचं लाडकं होतं 'अश्रूंची सावित्री'. त्यांनी ते फोनवर आम्रपालीबाईंना ऐकवलं.

"काका, नावात अश्रू नकोत. वाचक दारातच रडला तर आत येऊन काय करेल? तुम्ही नवं बाड घेऊन या आधी."

ते तीन रजिस्टरं घेऊन गेले. आम्रपालीबाईंनी सुरुवात वाचली, मधलं चाळलं आणि शेवटची दोन पानं उभ्यानंच वाचली. वाचून झाल्यावर त्या खिडकीपाशी गेल्या, तिथं उगीचच एक पुस्तक सरळ केलं आणि परत आल्या.

"नाव इथंच आहे की."

"कुठं?"

"कोन पायजे."

"हे? मॅडम, हे दार वाजल्यावर म्हणतात. दूधवाल्याला म्हणतात. कादंबरीच्या नावाला काही वजन नको?"

"शेवटचं पान वाचून मग हेच नाव पुन्हा वाचा, आणि वजन किती ते मला सांगा."

परतीच्या एसटीत महिपतरावांनी मनातल्या मनात ते नाव पुन्हा पुन्हा म्हणून पाहिलं. पोलादपूर येईपर्यंत त्यांना ते आवडायला लागलं होतं, आणि वाडीची चढण चढताना ते आपल्याला सुचलं नाही याचा थोडा रागही आला होता. घरी येऊन त्यांनी बायकोला सांगितलं.

"म्हंजे माजं बोलनं पुस्तकाच्या वर?" जानकीबाई म्हणाल्या. "शिकल्यासवरल्या लोकांनी वाचायचं?" त्या तोंड फिरवून चुलीकडे गेल्या आणि कारण नसताना मांजराला ओरडल्या. त्या दिवशी भाकरीबरोबर सुकटीचं कालवण झालं. ते एरवी रविवारीच होत असे.

महाडला सेजलच्या दुकानात टायपिंग झालं. सेजल हुशार मुलगी, हात वाऱ्यासारखा चालायचा. फक्त दर वेळी पहिल्या पानावर 'कोण पाहिजे?' असं छापून यायचं.

"काका, शुद्धलेखन मी फुकट करून देते," ती कौतुकानं सांगायची.

तिसऱ्या वेळी महिपतराव तिच्या शेजारी खुर्ची टाकून बसले आणि तो 'न' पडद्यावर उमटून तिथंच राहतो की नाही यावर त्यांनी डोळ्यात तेल घालून पहारा दिला.

दोनशे चाळीस पानांच्या तीन प्रती तीन प्रकाशकांकडे गेल्या. एकाकडून काहीच आलं नाही. दुसऱ्यानं कळवलं, की सध्या ते फक्त पाककृती छापतात. तिसरा पुण्यातला छोटा प्रकाशक होता. त्यांचे संपादक सुनील गोगटे यांनी दोन पानी पत्र लिहिलं. कादंबरी आवडली, छापायची इच्छा आहे, पण दोन हरकती आहेत. एक, शीर्षकातच शुद्धलेखनाची चूक आहे. दोन, सातव्या प्रकरणात सगुणा डोंगरातल्या झऱ्यावर पाण्याला जाते, त्यात चौदा पानं खर्ची पडली आहेत; तिथं दोन पुरेत.

पहिल्या हरकतीला महिपतरावांनी उत्तर लिहिलं: "शीर्षकातील न हा न म्हणूनच वाचावा. ती बाई ण म्हणत नाही. मी अठ्ठावीस वर्षे लोकांचे जबाब माझ्या भाषेत लिहिले, हा एक तिच्या भाषेत लिहिला आहे." गोगट्यांनी ते मानलं. दुसऱ्या हरकतीवर मात्र ते अडून बसले. एक बाई पाण्याला जाते आणि येते, यात चौदा पानं कशाला, असं त्यांनी फोनवरही विचारलं. महिपतराव चाचरू लागले, तेव्हा जानकीबाईंनी फोन हातात घेतला.

"सायेब, तुमी या एकदा. आमच्यात या. जेवायलाच या."

एप्रिलमध्ये गोगटे कुटुंबासह शिवथरला घळ बघायला आले होते. मंडळींना तिथं ठेवून ते एकटेच गाडीनं तांबडवाडीला आले. पन्नाशीचे, गोरे, पायात पांढरेशुभ्र बूट. वाडीत नळ होता, पण एप्रिल लागला की तो कोरडा पडायचा. जानकीबाईंनी पाव्हण्यांना सरबत दिलं आणि रिकामी कळशी पुढं केली. "चला. मी जातेच हाय. हे पन येतील."

गोगटे हसत निघाले. करवंदीच्या जाळ्यांपर्यंत ते बोलत होते. पुढं कातळ लागला तसं बोलणं थांबलं. दुसऱ्या वळणावर त्यांनी एका दगडावर बसकण मारली. जानकीबाई डोक्यावर दोन हंड्यांची उतरंड घेऊन वर उभ्या होत्या.

"अजून किती आहे?" गोगट्यांनी विचारलं.

"पाच पानं झाली," जानकीबाई म्हणाल्या. "नऊ ऱ्हायली."

झऱ्यावर पोचेपर्यंत गोगट्यांचा शर्ट अंगाला चिकटला होता. त्यांनी ओंजळीनं पाणी पिऊन दोन ओंजळी तोंडावर मारल्या. उतरताना भरली कळशी त्यांनी हट्टानं स्वतः खांद्यावर घेतली. अर्धं पाणी शर्टावर, थोडं बुटात, उरलेलं घरी पोचलं. पडवीत बसून त्यांनी पाय पसरले, पिशवीतून बाड काढलं आणि सातव्या प्रकरणावरची आपलीच पेन्सिलीची रेघ रबरानं खोडून टाकली.

"चौदाही पानं राहू देत. पण उतेकर, एक सांगा. ही चौदाही पानं चढणीची आहेत. रिकाम्या हंड्यांची. भरून परत येतानाच्या तुम्ही फक्त दोन ओळी लिहिल्यात. खरं कठीण तर तेच आहे. ते का नाही लिहिलंत?"

महिपतरावांनी बायकोकडे पाहिलं. जानकीबाई पाव्हण्यांच्या ताटात तांदळाची भाकरी वाढत होत्या. त्या काही मदतीला आल्या नाहीत.

"मी भरून कधी आणलेलं नाही," महिपतराव म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी हंडा घेतला आणि एकटेच निघाले. जानकीबाईंनी मागून हाक मारली, "चुंबळ घ्या, टक्कल सोलंल!" आणि जुन्या लुगड्याची चुंबळ वळून त्यांच्या डोक्यावर ठेवली. वाटेत भेटलेल्या बायका आधी बाजूला झाल्या, मग एकमेकींकडे बघून हसल्या, आणि मग त्यांच्यातल्या एकीनं न राहवून विचारलं, "रायटर, जानकी आजारी हाय का?"

"नाही," महिपतराव म्हणाले. "कादंबरीचं काम आहे."

त्या दिवशी निम्मा हंडा आला. तिसऱ्या दिवशी पाऊण. पाचव्या दिवशी मान आखडली आणि सवची एक फेरी वाढली. पण आठवडा संपला तेव्हा परतीच्या वाटेची सहा पानं झाली होती, आणि ती ऐकताना जानकीबाईंनी एकदाही थांबवलं नाही. त्या सहा पानांसकट कादंबरी पुण्याला गेली. दिवाळीनंतर छापायला घेतो, असं गोगट्यांनी कळवलंय. महिपतराव आता रोज सकाळी एक हंडा आणतात. त्याचा कादंबरीशी काही संबंध नाही, पण जानकीबाईंनी तो बंद करा असं काही अजून सांगितलेलं नाही.